चाळिसाच्या वरची बिअर

दौंड, रविवार, १ नोव्हेंबर १९५९

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या माणसाचे विचार ऐकून घेण्याची या गावाची लायकी नाही, तेव्हा कागदालाच सांगितलेले बरे. दौंड जंक्शनात चार दिशांनी गाड्या येतात. अक्कल मात्र एकाही गाडीने उतरत नाही.

आमचे हेड पार्सल क्लार्क मार्चअखेर रिटायर होत आहेत. त्या खुर्चीला उमेदवार दोन. एक मी, याकोब वाघचौरे. दुसरा सिद्दीक. सिद्दीकबद्दल लिहावं असं काही नाही. दिवसभर पार्सलं मोजतो, हमालांशी गोड बोलतो, द्राक्षांच्या पेट्या सडण्याआधी गाडीत चढवतो. एवढ्यावर कोणी हेड क्लार्क होत असेल तर मग बैलालाही खुर्ची द्यावी.

शिफारस ट्रॅफिक इन्स्पेक्टर जगदाळेसाहेबांच्या हातात. गेल्या इन्स्पेक्शनला ते म्हणाले होते की दारूबंदी आल्यापासून बिअरची चव विसरलो, लढाईत इटलीला असताना काय बिअर मिळायची. सिद्दीकने हे ऐकून त्यांना चहा आणून दिला. इशारा कळायला मेंदू लागतो.

मी बिअर करणार. घरी. इटलीच्या तोंडात मारेल अशी.


मंगळवार, ३ नोव्हेंबर

कृती मला पाठ आहे. ड्रायव्हर रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलियाला जाण्यापूर्वी पुलावर उभा राहून सांगून गेला होता. जवाला मोड आणायचे, वाळवून भाजायचे, भरडायचे, ऊन पाण्यात मुरवायचे, गाळून कडू पाला घालून उकळायचे, गार करून खमीर सोडायचे. बाकी काम खमीर करतं. या देशात काम करणारी तेवढी एकच जात उरली आहे.

अडचण एकच. प्रेमाबाई. आमची ही चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेली, आणि दुसऱ्यांनाही देत फिरणारी. बिअर म्हटलं असतं तर ती, पाळकसाहेब आणि तिचं शिरूरचं अख्खं माहेर दारात उभं राहिलं असतं. म्हणून सांगितलं की रेल्वेच्या डॉक्टरने माझ्या पोटातल्या वायूसाठी काढा सांगितला आहे, महिना-दीड महिना मुरवावा लागतो. लगेच पटलं. म्हणाली, बरं झालं बाई, रातचं लई कण्हता तुम्ही.

मी कण्हत नाही. विचार करतो.


शनिवार, ७ नोव्हेंबर

जव डब्यात भिजवून ठेवले होते. आज झाकण उघडलं तर शेजारचे दोघे घराबाहेर आले. जव हलक्या प्रतीचे निघाले. बाजारात प्रामाणिक माणूस राहिलेला नाही.

प्रेमाबाई म्हणाली, मटकीसारखं फडक्यात बांधून टांगा की. मी दुर्लक्ष केलं. शास्त्रीय कामात बायकांच्या मटकीचं काय काम?


बुधवार, ११ नोव्हेंबर

नव्या जवाला उत्तम मोड आले. फडक्यात बांधून टांगले होते. ते तिने परस्पर बांधले, पण त्याआधी भिजवण्याचा हुकूम माझा होता. पद्धत माझी, फडकं तिचं.


शनिवार, १४ नोव्हेंबर. दुपार

ऐतिहासिक दिवस.

मोठं कल्हईचं पातेलं भरून रस निघाला. तांबूस, गोड. कडूपणासाठी काडेचिराईत घातलं. घरात असा वास सुटला की मेव्हणा येशुदास अंथरुणातून उठला, तेही बारा वाजायच्या आत. हा प्रेमाबाईचा धाकटा भाऊ. नोकरी शोधायला म्हणून दिवाळीच्या आधी आला. नोकरी बहुधा आमच्या गादीखाली आहे अशी त्याची समजूत असावी, कारण तिथून तो हलत नाही. पेटी वाजवून गीतं म्हणतो. सूर आणि तो यांची अजून गाठ पडायची आहे.

खमीर चांदभाई बेकरीवाल्याकडून आणलं. कशाला म्हणून विचारू लागला. म्हटलं, पोटासाठी. तर म्हणे, प्यायचं का वरनं चोळायचं? पाव भाजून भाजून माणसाचा मेंदूही भाजतो.

मोजमापाचं यंत्र माझ्याकडे आहे. लॅक्टोमीटर. एका डेअरीच्या नावाने आलेलं पार्सल कोणी सोडवलंच नाही, त्यातून हे मी शास्त्राच्या सेवेसाठी घेतलं. काचेची नळी, बुडाला शिसं, वर आकडे. दुधात सोडली की दूध किती दाट ते सांगते. रॉड्रिग्जचा नियम असा: गोड रस दाट, म्हणून नळी वर तरंगते. साखरेची दारू झाली की रस पातळ होतो, नळी खाली जाते. जेवढे अंश फरक पडेल त्याला साडेसाताने भागायचं. तेवढे टक्के दारू.

आजचा आकडा छत्तीस. तो आठावर आला की पावणेचार टक्के. इटली खलास.

खमीर सोडलं. चार वाजेपर्यंत वर फेसाची टोपी! आता ड्यूटीला जातो. नाताळपर्यंत माझी दुपारची पाळी, मध्यरात्री सुटेन. पातेलं चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलंय. प्रेमाबाईला बजावलं की काढा आहे, नीट सांभाळ, नासता कामा नये.


रविवार, १५ नोव्हेंबर. सकाळ

पातेलं कोमट! हात लावून पाहिलं. थंडीच्या दिवसांत आपोआप कोमट! खमीर आत पेटलंय. फेस मात्र गायब. फेस म्हणजे उथळपणा, तो गेला हे उत्तमच.

आकडा: सदतीस.

छत्तिसाचे सदतीस. पुन्हा मोजलं. सदतीस. म्हणजे दारू उणे. हिशेबाने उणे शून्य पूर्णांक तेरा टक्के. चर्चला उशीर झाला म्हणून प्रेमाबाईने बाहेरून हाका मारल्या. उणे दारू म्हणजे काय, हा विचार सबंध उपदेशभर डोक्यात. उपदेश नेहमीप्रमाणेच टाकाऊ.


गुरुवार, १९ नोव्हेंबर

रोज सकाळी नवं खमीर घालतो. रोज दुपारी फेस येतो. रोज मी ड्यूटीला जातो. रोज सकाळी पातेलं कोमट, फेस गायब, आणि आकडा वर. आज अडतीस आणि वर थोडं.

गुन्हेगार उघड आहे. चांदभाईने मेलेलं खमीर गळ्यात मारलं. जाऊन झाडलं त्याला. ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, सायेब, सकाळी तुमच्या घरी पाव गेला त्यो ह्याच खमिराचा, फुगला हुता का न्हाई? मग म्हणे नजर लागली असंल, मिरच्या ओवाळून टाका, आमची बायको अमीरबी, तिच्या लोणच्याला बी लागली हुती.

अशा लोकांच्या हातचा पाव मी खातो. सोपं नाही.


रविवार, २२ नोव्हेंबर

नवा पुरावा! पातेल्यातला रस कमी होतोय. पहिल्या दिवशी काठाच्या बोटभर खाली होता. आज चार बोटं.

अर्थात येशुदास. मी मध्यरात्रीपर्यंत ड्यूटीवर, प्रेमाबाई भोळी, आणि हा गादीवरचा सैतान चोरून बिअर पितोय. पाहिलं तर आजकाल गीतही जरा मोठ्याने म्हणतो. नशा!

दुपारी त्याला धरलं. आधी नाही नाही म्हणाला. मग रडकुंडीला येऊन सांगितलं की दाजी, एकदाच कपभर प्यालो, तिसऱ्या दिवशी, गोड वास आला म्हणून. त्यानंतर दुपारपत्तुर तीन डाव टमरेल घेऊन पळालो. परत त्या पातेल्याकडं बघितलं बी न्हाई. शपथ घ्यायला बायबल आणत होता. म्हटलं राहू दे, बायबलाला कशाला खाली बघायला लावतोस.

तरी प्रश्न उरतो. रस जातो कुठे? निष्कर्ष: आतल्या उष्णतेने वाफ होते. हे मी आधीच लिहून ठेवलंय.


रविवार, २९ नोव्हेंबर

आज लॅक्टोमीटरने हात टेकले. नळीवर चाळीसपर्यंतच आकडे. सकाळी नळी त्याच्याही वर उभी राहिली, सगळे आकडे कोरडे. बाजूने पाहिलं, खालून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

क्षणभर निराश झालो. मीही माणूस आहे. जगदाळेसाहेबांना चांगली बिअर पाजतो असं मी परवा पार्सल ऑफिसात चारचौघांत बोलून बसलोय. साहेब म्हणाले, नाताळ झाला की रविवारी येतो. हे फसलं तर मार्चनंतर मी सिद्दीकसमोर उभा राहून रजेचा अर्ज देणार. या विचाराने जेवण गेलं नाही. एकच भाकरी, नंतर आणखी एक.

मग संध्याकाळी रोलिंग स्टॉकचं, म्हणजे डब्यांचं, गणित करत असताना लख्ख उजाडलं. लॅक्टोमीटर दुधासाठी आहे! दूध पांढरं, बिअर काळी. दुधात पातळ म्हणजे भेसळ, दाट म्हणजे कस. मग बिअरमध्येही दाट म्हणजे कसच की! रॉड्रिग्जने नियम उलटा सांगितला. ड्रायव्हर माणूस, इंजिन पुढे-मागे दोन्हीकडे चालवण्याची सवय.

म्हणजे उणे नव्हतंच कधी. आकडा जेवढा वर, दारू तेवढी जास्त. आणि आमची तर चाळिसाच्याही वर. मोजमापाच्या बाहेरची ताकद!

हे विलायतेत छापून आलं पाहिजे. पण तिथले लोक मत्सरी.


शनिवार, १२ डिसेंबर

आज चव घेतली. एक चमचा. मधासारखी दाट. आधी गोड, मग इतकी कडू की डावा डोळा आपोआप मिटला. लगेच डोकं गरगरलं, भिंत धरून उभा राहिलो. चमचाभर! पेलाभरात काय होईल?

प्रेमाबाईने विचारलं, काढ्यानं आराम पडतोय का? म्हटलं, पडेल. म्हणाली, माझी आई शिरूरला असाच करायची, पर ती इतका गोड करत नव्हती. म्हटलं, तुझी आई डॉक्टर नव्हती.

सिद्दीकने रविवारी सोड्याच्या बाटल्या आणि बर्फ आणून देतो असं स्वतःहून म्हटलं. स्वतःच्या पराभवाला हा माणूस बर्फ आणतोय. कीव आली.


शनिवार, २६ डिसेंबर

नाताळ पार पडला. येशुदासाने चर्चमध्ये एकट्याने गीत म्हटलं. प्रभू क्षमाशील आहे याचा पुरावा मिळाला.

आज बिअर बाटल्यांत भरली. भरल्या पातेल्यातून पाऊणच बादली निघाली, पण ताकद सगळी तेवढ्यात. फेस बिलकूल नाही. त्यावर उपाय गोटी सोडा. अर्धा पेला बिअर, अर्धा सोडा. बिअरमध्ये तरी दुसरा वायू असतो की काय?

संकल्प: उद्या मी स्वतः दोनच पेले. यजमानाचं डोकं ठिकाणावर हवं. साहेबांना चारपेक्षा जास्त देऊ नये, त्यांना पुढे सोलापूर गाडी पकडायची आहे.


सोमवार, २८ डिसेंबर. सकाळ

डोकं दुखतं आहे असं वाटतं.

कालचं मला काहीही आठवत नाही. बिअरने मला संपूर्ण ताब्यात घेतलं होतं. जे काही झालं ते येशुदासाच्या सांगण्यावरून लिहितो.

दुपारी जगदाळेसाहेब आले. सिद्दीक त्यांची बॅग घेऊन मागे. पडवीत खुर्च्या टाकल्या. साहेबांनी पहिला पेला घेतला, थोडा वेळ जिभेवर ठेवला, आणि म्हणाले, गोड आहे. दुसरा घेतला. म्हणाले, कडू पण आहे. मी दोन संपवले. आणि मला चढली. एकदम. कान गरम, जीभ मोकळी.

येशुदास सांगतो की मी उठून उभा राहिलो आणि साहेबांना म्हणालो की इटलीच्या गोष्टी पुरे करा, तुम्ही तिथे बटाटे सोलत होता हे अख्ख्या डिव्हिजनला ठाऊक आहे. हे साफ खोटं. मी बटाटे म्हणालो नाही. कांदे म्हणालो.

मग म्हणे मी सिद्दीकच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या नव्हे, उजव्या. आणि साहेबांना सांगितलं की पार्सल ऑफिस हा पोरगा चालवतो, मी सह्या करतो, हा नसता तर माझं एकही पार्सल बरोबर गाडीत चढलं नसतं. सिद्दीक सारखा म्हणत होता, बसा ना मामा, बसा. मी बसलो नाही.

मग प्रेमाबाई करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिला पाहून, येशुदास म्हणतो, मला रडू आलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो की बावीस वर्षं या बाईने माझं घर रेटलं आणि मी फक्त ओरडलो. फडकंही तिचं, पद्धतही तिची. ही आहे म्हणून मला कोणी माणूस म्हणतं. ताट तिच्या हातात तसंच राहिलं. करंज्या सहा होत्या.

यापलीकडे मला काही आठवत नाही.


सोमवार, दुपार

शांतपणे विचार केला. काही बिघडलेलं नाही. दारूच्या अमलाखाली माणूस जे बोलतो त्याला कोर्टातही किंमत नसते. उद्या साहेब परतीच्या गाडीने दौंडला थांबतील. प्लॅटफॉर्मवर गाठून हळूच सांगायचं की साहेब, बिअर जास्त कडक झाली, माफी असावी. उलट बिअर किती जोरदार होती ते आपोआप सिद्ध होईल. शिफारस पक्की.


मंगळवार, २९ डिसेंबर

सांगितलं.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, वाघचौरे, मी तुमच्या डोळ्यांदेखत चार गिलास प्यालो, गाडीत बसलो आन् दौंडाच्या पुढं गार्डाच्या घड्याळातली चूक काढली. तुमच्या त्या काढ्यात दारूचा थेंब बी न्हवता. फकस्त पोट लई साफ झालं. मग म्हणाले की तुम्ही शुद्धीवर बोललात, आन् पार्सल ऑफिसबद्दल बोललात ते खरं बोललात, म्हणून कांद्याचं मी मनावर घेत न्हाई. शिफारस सिद्दीकची करणार आहेत.

गाडी सुटली. मी प्लॅटफॉर्मवर उभा. सिद्दीक मेंढ्यांच्या कातड्यांचं पार्सल चढवत होता. बरोबर गाडीत.

इटलीत कांदे सोलून सोलून या माणसाची जीभ मेली असली पाहिजे. दारूच नव्हती म्हणे! मग मला चढली ती काय सोड्याची?


मंगळवार, नंतर

घरी आलो तो चिडलेला. म्हटलं, निदान घरात तरी गोष्ट सरळ करावी. परवापासून प्रेमाबाई विचित्र वागते आहे. जेवताना वाढत राहते. पूर्वी मी भाकरी मागायचो तेव्हा यायची. स्वतःशीच गुणगुणते. हे असंच चालू राहिलं तर घरात धाक राहायचा नाही.

तिला स्पष्ट सांगितलं की रविवारी मी जे बोललो ते माझं नव्हे, ते बिअरने वदवलं. काढा-बिढा काही नव्हता, बिअर होती, माणसाला भान राहत नाही.

तिने आधी बिअर म्हणजे काय ते नीट ऐकून घेतलं. शपथेबद्दल दोन शब्द बोलली, ते लिहीत नाही. मग पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं रडते. हसत होती.

म्हणाली, आवो, कसली दारू? तुम्ही म्हणला काढा, नासू देऊ नको. तुम्ही ड्यूटीला गेला की बघते तर वर फसाफसा फेस. म्हणलं, आंबला. काढा आंबू देतात व्हय? रोज सांजच्याला चुलीवर ठेवून खळाखळा उकळायची न् झाकून ठेवायची. एक दिस चुकवला न्हाई. बाटलीत भरायच्या आदल्या सांजंला बी उकळला. आईनं शिकवलंय, काढा रोज एक उकळी मागतो.

म्हणजे खमीर रोज सकाळी मी घालत होतो आणि रोज संध्याकाळी ती उकळून मारत होती. कोमट पातेलं, गेलेला फेस, कमी होणारा रस, वर चढणारा आकडा. सगळं चुलीवरचं.

मी खाली बसलो. ती जवळ येऊन म्हणाली, म्हंजी रविवारी तुम्ही शुद्धीत हुता. म्हंजी ते तुमचंच हुतं.

लॅक्टोमीटर सदोष होता, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.


रविवार, ३ जानेवारी १९६०

सिद्दीक काल पेढे घेऊन घरी आला. ऑर्डर अजून यायची आहे, पण साहेबांनी त्याला सांगितलंय. माझ्या पाया पडला. म्हणतो, मामा, तुमच्या एका शब्दानं झालं. त्याच्या म्हातारीलाही सांगितलंय की वाघचौरेमामांसारखा दिलदार माणूस दौंडात नाही. चांदभाईने आज सकाळचा पाव फुकट पाठवला. सगळ्या गावाची खात्री पटली आहे की मी भला माणूस आहे. इतकी बदनामी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

जगदाळेसाहेबांच्या घरून निरोप आहे की साहेबांच्या आईसाठी काढ्याच्या दोन बाटल्या धाडा.

दुपारी येशुदास पेटी घेऊन बाहेर गेला होता. घरात आम्ही दोघंच. प्रेमाबाई समोर येऊन बसली. मग म्हणाली, मागल्या रविवारी बोलला तसं येकदा परत बोला की.

म्हटलं, बिअर संपली.

ती उठून आत गेली. पातेल्याच्या बुडाशी राहिलेला काढा उकळल्याचा वास आला. एक कप भरून आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि पुन्हा समोर बसली, हात मांडीत घेऊन.

सगळा कप संपवला. चढली नाही.